मागे कोण आहे?

लिफ्टचं दार लागायच्या आत सर त्यात एक पाय अडकवून ठेवायचे, मान वळवायचे आणि विचारायचे, "मागे कोण आहे?"

मागे बहुतेक वेळा कुणीच नसायचं. असलीच तर धुतलेल्या चादरींची ट्रॉली ढकलत येणारी मावशी असायची. ती बिचारी "तुम्ही व्हा पुढं साहेब" म्हणून लांबूनच हात हलवायची. पण सर कसले पुढे होतात! मावशी, ट्रॉली, ट्रॉलीवरून लोंबणारं चादरीचं टोक, सगळं आत आलं की मगच त्यांचा पाय आत यायचा. तोवर आतले पाच-सहा जण मजल्यांचे आकडे वाचत उभे. मेंदूच्या सर्जनला कोण काय बोलणार?

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेलच. कुलूप लावून तीनदा ओढून बघणारं, गॅस बंद केला का म्हणून कोपऱ्यावरून परत फिरणारं. आपण त्यांना हसतो. मीही सरांना हसले आहे, पोटभर हसले आहे. आता हसू येतं, पण मध्येच कुठेतरी अडकतं.

मी नाशिकच्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते. त्यातली सतरा वर्षं सरांच्या उजव्या हाताशी उभं राहण्यात गेली. त्यांनी हात पुढे करायचा, मी त्यात अवजार ठेवायचं, एवढंच आमचं नातं. त्यांचं नाव मी सांगणार नाही. ते मूळचे नांदगावचे. वडिलांचं तिथल्या बाजारात कापडाचं दुकान होतं. सर उंच, थोडे वाकलेले, बोलायला कंजूष. एप्रनच्या खिशात भाजलेले शेंगदाणे असायचे. दोन ऑपरेशनांच्या मध्ये ते एकेक दाणा सोलून खायचे आणि कुणालाही देऊ करायचे नाहीत.

गाडी मागे घेणं हा तर एक सोहळाच असायचा. आधी खाली उतरून गाडीच्या मागे जाऊन बघायचे, मग बसायचे, मग पुन्हा उतरायचे. फाटकावरचा वॉचमन शिटी फुंकून दमायचा. एकदा एक नवा डॉक्टर आमच्याकडे शिकायला आला. पहिल्याच दिवशी सरांनी मायक्रोस्कोपमधून डोळे न काढता त्याला विचारलं, "मागे कोण आहे?" त्याने दचकून मागे वळून बघितलं आणि म्हणाला, "सर, भिंत." थिएटरमध्ये इतका हशा पिकला की भूलतज्ज्ञ बाईंना मास्क सावरावा लागला. सर हसले नाहीत. म्हणाले, "भिंतीला नंतर बघू. फुग्याच्या मागे कोण आहे ते सांगा."

माझ्या मुलीच्या लग्नात, नाशिक रोडच्या हॉलमध्ये, स्टेजवर फोटोसाठी सगळे गोळा झाले. फोटोवाला "रेडी" म्हणाला आणि सर रांगेतून बाहेर पडून थेट मागे गेले. तिथे माझ्या नणंदेची बुटकी सासू सगळ्यांच्या पाठीकडे बघत गुपचूप उभी होती. सरांनी तिला दंडाला धरून पुढे आणलं. त्या फोटोत म्हातारी नवरीपेक्षा जास्त हसते आहे.

पण मूळचे सर असे नव्हते. ते सांगायचं तर आधी थोडं मेंदूचं सांगावं लागेल. घाबरू नका, मला जितकं कळतं तितकंच सांगते.

कपाळाच्या मागे बरंच आत, मेंदूच्या बुडाशी, डावीउजवीकडच्या दोन धमन्यांना जोडणारी एक आखूड धमनी असते. तिची भिंत एखाद्या जागी पातळ झाली की तिथे फुगा येतो. तो फुटला की माणूस डोकं धरून खाली बसतो. बरेच जण उठत नाहीत. जे हॉस्पिटलपर्यंत पोचतात त्यांच्या फुग्याच्या मानेला क्लिप लावायची. कपडे वाळत घालायचा चिमटा असतो ना, तसाच, फक्त नखाएवढा. एकदा लावला की तो जन्मभर तिथेच राहतो. आता खरी गोम अशी की त्या आखूड धमनीच्या मागच्या अंगाने केसासारख्या बारीक धमन्या निघतात आणि वर मेंदूत शिरतात. समोर फुगा असतो, म्हणून त्या दिसत नाहीत. सर त्यांना "बारक्या" म्हणायचे. मोठी धमनी थोडी दाबली गेली तर कधीकधी रक्त दुसऱ्या वाटेने येतं. बारकीला दुसरी वाट नसते.

हे सगळं सरांना अर्थातच पहिल्यापासून ठाऊक होतं. पण तेव्हाचे सर वेगवान होते. त्यांच्या हाताची ख्याती पार धुळ्यापर्यंत होती, आणि ती त्यांनाही ठाऊक होती. क्लिप लावायच्या वेळी त्यांना टाचणी पडलेली चालायची नाही. थिएटरचा नियमच होता, क्लिपच्या वेळी कुणी बोलायचं नाही. एकदा एका सिस्टरला शिंक आली तर सरांनी तिला महिनाभर थिएटरमध्ये घेतलं नव्हतं. आम्ही श्वासही जपून घ्यायचो.

अशात दगूभाऊ आले.

मखमलाबादच्या पुढे त्यांचं दीड एकर रान, त्यात झेंडू आणि शेवंती. दसरा तोंडावर आलेला, फुलं ऐन तोडणीला, आणि बांधावरच डोकं धरून बसले. नशीब असं की फुटलेला फुगा आपोआप थोडा बुजला होता. माणूस पूर्ण शुद्धीत, गप्पा मारत होता. ऑपरेशनच्या सकाळी ट्रॉलीवरून आत घेताना त्यांनी माझं नाव विचारलं. मी शोभा म्हणून सांगितलं. दहा मिनिटांनी, भूल द्यायच्या आधी, म्हणाले, "शोभाताई, परवा दसरा हाय. मला उद्याच्याला सोडा. तोडणी करून परत येतो, वाटल्यास तुमच्या दाराला तोरण घेऊन येतो."

मी म्हटलं, "आधी झोपा आता."

ऑपरेशन अप्रतिम चाललं होतं. सरांना मायक्रोस्कोपमधून जे दिसतं ते भिंतीवरच्या पडद्यावर आम्हालाही दिसतं. फुगा मोकळा झाला. सरांनी हात पुढे केला. मी क्लिप लावायचा चिमटा उचलला आणि उचलता उचलता माझी नजर पडद्यावर गेली. फुगा जरासा हलला आणि त्याच्या मागे एक लाल धागा दिसला, वर जाणारा. क्षणभर दिसला आणि पुन्हा लपला.

मी थांबले. बोलले मात्र नाही. क्लिपच्या वेळी कुणी बोलायचं नाही. आणि मी कोण? सिस्टर. बारावीनंतर तीन वर्षांचा कोर्स केलेली. मला काय कळतं धाग्यातलं? सरांनी चिमटा घेतला, क्लिप लागली, फुगा चपटा झाला. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. सर म्हणाले, "सुंदर."

दुसऱ्या दिवशी दगूभाऊ जागे झाले. हातपाय हलत होते, बोलत होते, चहा मागत होते. सर खूश. तिसऱ्या दिवशी दसरा. वॉर्डच्या दाराला झेंडूचं तोरण लावलं होतं. मी खाली त्यांना बघायला गेले तर म्हणाले, "ताई, परवा दसरा हाय ना? मला सोडा."

मी म्हटलं, "दगूभाऊ, दसरा आजच आहे. ते बघा तोरण."

ते तोरणाकडे बघून हसले. "लवकर लावलं तुम्ही. ताई, तुमचं नाव काय?"

मी नाव सांगितलं. पलीकडच्या खाटेवरचं सलाईन बघून परत आले तर म्हणाले, "ताई, तुमचं नाव काय?" मी पुन्हा सांगितलं. असं चार वेळा झालं.

स्कॅनमध्ये एक काळा ठिपका आला, ज्वारीच्या दाण्याएवढा. नव्या गोष्टी मनात जिथून साठवणीला जातात नेमक्या त्या वाटेवर. दुसरे डॉक्टर म्हणाले की फुगा फुटला तेव्हाच हे झालं असेल, तुमचा दोष नाही. सरांनी ऑपरेशनचं रेकॉर्डिंग लावलं, दार लावून घेतलं आणि दुपारभर बघत बसले. आता क्लिप काढूनही काही होणार नव्हतं. रक्त न मिळालेला भाग कधीच मेला होता.

संध्याकाळी ते वॉर्डात गेले. दगूभाऊंच्या बायकोला, इंदूताईंना, त्यांनी बाकावर बसवलं आणि स्वतः समोर उभे राहिले. म्हणाले, "तुमच्या रानात ठिबक आहे ना? त्याची एक बारीक नळी माझ्या चिमट्यात सापडली. मी मागे बघितलं नाही."

इंदूताईंनी विचारलं, "मंग त्या रोपाला पाणी नाय?"

"नाही."

"आता सोडलं तर?"

"रोप वाळलं, ताई."

असं सांगणारा डॉक्टर मी तोवर पाहिला नव्हता. मी दाराशी उभी होते. सरांनी आपलं सांगून टाकलं होतं. माझं माझ्यापाशीच राहिलं.

महिन्याभराने पुन्हा तशाच फुग्याचं ऑपरेशन होतं. सरांनी हात पुढे केला. मी चिमटा ठेवणार तोच त्यांनी हात मागे घेतला. डोळे मायक्रोस्कोपला तसेच लावलेले. म्हणाले, "सिस्टर, मागे कोण आहे?"

चिमटा माझ्या हातातच राहिला. ते पुन्हा म्हणाले, "तुम्हाला पडद्यावर काय दिसतं ते सांगा. मला घाई नाही."

"दोन," मी म्हटलं. "दोन आहेत, सर. एक डावीकडे... वर जाणारी."

"बरोबर," ते म्हणाले, आणि धमनी हळूच बाजूला करत तिसरीही दाखवली. त्या दिवसापासून नवा नियम झाला. क्लिपच्या आधी सर विचारणार आणि प्रत्येकाने सांगायचं. भूलतज्ज्ञ बाईंनी सांगायचं, सिस्टरने सांगायचं, फरशी पुसायला उभ्या असलेल्या वॉर्डबॉयनेही सांगायचं. "मला कुणी दिसत नाही सर" असं म्हटलं तरी चालायचं, पण गप्प बसलेलं चालायचं नाही.

गुरुवारी दुपारी सर मेडिकल कॉलेजच्या शरीररचना विभागात जायला लागले. देहदानातून आलेल्या मेंदूंच्या धमन्यांत लाल रंग भरायचे, पातळ, खूप हळू. मोठ्या धमन्या भरल्या की थोड्या वेळाने बारक्याही उमटायच्या. मग भिंग लावून त्या एकेक मोकळ्या करायच्या, मोजायच्या, शंभर पानी वहीत पेन्सिलीने काढायच्या. आधी हात जोडायचे, मग मेंदूला हात लावायचे. थिएटरच्या सगळ्यांना त्यांनी तिथे आळीपाळीने नेलं. मला तर इतक्यांदा नेलं की मेंदू टिकवायच्या औषधाचा वास साडीतून जाईना आणि घरचे नाक धरायला लागले.

"नकाशात गंगापूर रोड सापडतो," सर सांगायचे. "तुमच्या घरात येणारा नळ नकाशात नाही. पण तोच बंद झाला तर तुम्ही काय गंगापूर रोड पिणार?"

कोणत्याही दोन मेंदूंत बारक्या सारख्या नसायच्या. कुठे पाच, कुठे तीन. कुठे एकच, आणि तीच पुढे जाऊन दोन्ही बाजू पोसायची. अशी एकटी सापडली की सर भिंग माझ्या हातात द्यायचे. "बघा, एकटी बाई दोन्ही घरं सांभाळते." दगूभाऊंची अशीच होती, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. रेकॉर्डिंगमधून काढलेलं तिचं चित्र प्रत्येक नव्या वहीच्या पहिल्या पानावर असायचं. कितवी वही होती कोण जाणे, पहिलं पान तेच.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सर दगूभाऊंकडे जायचे. इंदूताई मला ओळखत होत्या म्हणून पहिल्या वेळी त्यांनी मलाही बोलावलं. मग मी जातच राहिले. एकटीने घरी बसवायचं नाही त्या रविवारी.

दगूभाऊ ओट्यावर गोणपाट टाकून बसलेले असायचे. पुढ्यात झेंडूचा ढीग, हातात सुई-दोरा. हात मात्र काहीच विसरले नव्हते, हार सरसर व्हायचा. "या बसा साहेब. परवा दसरा हाय, लय काम पडलंय." वैशाखातही परवा दसराच. इंदूताईंनी म्हणून बारा महिने झेंडू लावायला सुरुवात केली होती. दार उघडल्यावर समोर केशरी दिसलं नाही तर दगूभाऊ "पीक कुणी नेलं?" म्हणत रानभर धावायचे.

सर त्यांच्यासमोर बसायचे आणि दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगायचे. मी तुमचं ऑपरेशन केलं, माझ्या हातून चूक झाली, मला माफ करा. दगूभाऊ लक्ष देऊन ऐकायचे. मग सरांच्या गुडघ्यावर हात ठेवायचे. "जाऊ द्या साहेब. माणसाच्या हातून व्हतंच. च्या घ्या." सरांचा चेहरा क्षणभर सैल पडायचा. चहा संपेपर्यंत दगूभाऊ विचारायचे, "साहेब, तुम्ही कुठले म्हणायचे?"

एकदा गाडीत सर म्हणाले, "शोभाताई, तो मला मनापासून माफ करतो. आणि कपबशी विसळेपर्यंत ते पुसून जातं." एरवी ते मला सिस्टर म्हणायचे.

असं दोन वर्षं चाललं. त्या रविवारी माफी मागून झाली, "जाऊ द्या" झालं, आणि इंदूताई चहाचा ट्रे घेऊन दारात तशाच उभ्या राहिल्या.

"साहेब, तुम्ही यांना का इचारता?" त्या म्हणाल्या. "हे जाऊ द्या म्हणणार, ते तुम्हाला ठाऊक हाय. मंग तुम्ही गाडीत बसून जाता. मला कधी इचारलं का?"

सरांनी ट्रेकडे हात पुढे केला, पण इंदूताईंनी तो सोडला नाही.

"यांचं काय गेलं? यांचा दसरा परवावर हाय. मी रोज सकाळी सांगायचे, अहो, होऊन गेला दसरा. रोज यांचं तोंड उतरायचं, जसं आजच कळलं. मंग मी सांगायचंच सोडलं. आता मी पण रोज परवा दसरा हाय म्हणते. दोन वर्षं मी घोटीला बहिणीकडं गेले नाय. बाजारात गेले तरी जीव इथं, यांनी गॅस चालू सोडला का, हे हिरीकडं गेले का. आन तुम्ही म्हणता, मागं बघायला पाहिजे व्हतं." त्यांनी ट्रे खाली ठेवला. कपांतला चहा बशांत सांडला. "मागं मीच व्हते ना."

सर उठून उभे राहिले. म्हणाले, "इंदूताई, मला माफ कराल?"

"नाय."

"मग मी काय करू?"

इंदूताईंनी पदराने तोंड पुसलं. "पयल्या रविवारी तुम्ही बसा यांच्यापाशी. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. मी घोटीला जाऊन येते."

आणि सर बसले. त्यानंतर दर महिन्याला, पाऊस असो की ऊन, ते सकाळी आठला डबा घेऊन जायचे. दगूभाऊंनी पहिल्याच दिवशी त्यांना दुसरं गोणपाट टाकून दिलं, सुई-दोरा दिला. ज्या हाताने मेंदूतली केसाएवढी धमनी सोडवायचे त्या हाताला झेंडूचा हार जमेना. फुलं तिरकी बसायची, दोरा गुंतायचा.

"साहेब, तुम्ही काय काम करता?" दगूभाऊ विचारायचे.

"सुई-दोऱ्याचंच."

"मंग येईना कसं?"

हा संवाद मी इतक्यांदा ऐकला आहे की झोपेतही म्हणून दाखवीन. सर दर वेळी नव्याने ओशाळायचे. दिवसभर तीच वाक्यं, तेच प्रश्न, तोच न येणारा दसरा. मला दोन तासांत गुदमरायला व्हायचं, मग काहीतरी निमित्त काढून मी बांधावर फिरून यायचे. सर उठायचे नाहीत. दिवस मावळता इंदूताई परत यायच्या, चेहरा जरा उजळलेला, पिशवीत बहिणीने दिलेला घोटीचा तांदूळ. सर बूट घालता घालता विचारायचे, "इंदूताई?"

"अजून नाय."

सर मान डोलवायचे आणि निघायचे. वर्षानुवर्षं.

अशाच एका रविवारी मला ते आणखी सहन झालं नाही. कारण काहीच नव्हतं. दगूभाऊ सुईत दोरा घालत होते, आणि दोरा लाल होता. मी म्हटलं, "सर, त्या दिवशी मला दिसलं होतं. पडद्यावर. मागचा धागा मला दिसला होता आणि मी बोलले नाही."

सरांनी हातातलं फूल दोऱ्यावर सरकवलं. म्हणाले, "ठाऊक आहे. चिमटा देताना तुमचा हात थांबला होता. इतक्या वर्षांत कधी थांबला नव्हता. मी चिमटा ओढून घेतला."

"मग तुम्ही कधी विचारलं का नाही?"

"विचारलं की. पुढच्याच ऑपरेशनला." त्यांनी दोऱ्याला गाठ मारली. "बोलायचं नाही हा नियम माझा होता, शोभाताई."

मी रडायला लागले. हमसून हमसून रडले, वयाचं भान न ठेवता. दगूभाऊ हार टाकून माझ्याकडे वळले. काय झालं, कुणामुळे झालं, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "जाऊ द्या ताई, जाऊ द्या." मला कळलं सर दर महिन्याला हे ऐकायला का येत होते.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर सर गेले. सकाळी पेपर वाचता वाचता, खुर्चीतच. हृदयाचं दुखणं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. अमरधामला निघताना वैकुंठरथाचं दार लावायच्या आधी आमच्या वॉर्डबॉयने सवयीने मान वळवून मागे बघितलं. त्याला कुणी हसलं नाही. सगळे आत येईपर्यंत तो दार धरून उभा राहिला.

पुढच्या महिन्याचा पहिला रविवार आला. मी एकटीच बसने मखमलाबादला गेले. इंदूताई घोटीला जायची साडी नेसून तयार होत्या आणि उंबऱ्यावर बसून राहिल्या होत्या. खबर त्यांना कळली होती.

"सांगायचं राहिलं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"कवाच माफ केलं व्हतं मी त्यांना. चार-पाच वर्षं झाली असतील." त्यांनी पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले, सोडले. "पण केलं म्हणलं असतं तर यायचे बंद झाले असते ना."

मी त्यांची पिशवी उचलून त्यांच्या हातात दिली. म्हटलं, "तुम्ही जा. मी बसते." त्या गेल्या, पण कोपऱ्यापर्यंत तीनदा मागे वळून बघत गेल्या.

ओट्यावर दगूभाऊंनी ढीग मांडला होता. एक गोणपाट त्यांचं, शेजारी दुसरं अंथरलेलं, त्यावर सुई, सुईत दोरा ओवून ठेवलेला. "या ताई. परवा दसरा हाय. तुमचं नाव काय?" मी नाव सांगितलं आणि त्या दुसऱ्या गोणपाटावर बसायला वाकले.

"तिथं नका बसू ताई," दगूभाऊ घाईने म्हणाले. "तिथं कुणीतरी बसतं."

"कोण बसतं, दगूभाऊ?"

त्यांची सुई थांबली. त्यांनी रस्त्याकडे बघितलं, मग त्या रिकाम्या जागेकडे. कपाळाला आठ्या घालून ते खूप वेळ शोधत राहिले.

"ते नाय ठाऊक," ते म्हणाले. "पण बसतं."

मी पायरीवर जाऊन बसले.